सत्तेचाळीसच कां?

ज्या संचांतून हें भाषण श्रोत्यांच्या घरांत ऐकूं येत आहे, त्याचें मागचें झांकण काढून आंत डोकावण्याचा प्रसंग पुष्कळांवर केव्हां ना केव्हां आलेला असतो. आंत कर्ण्याचें लोहचुंबक ओळखूं येतें, तारांचीं वेटोळीं ओळखूं येतात. परंतु सर्वांत अधिक संख्येनें जे दिसतात ते अंगावर रंगीत पट्टे असलेले, दोन्ही टोंकांना तार लावलेले लहान लहान तुकडे. जुन्या संचांत ते भुईमुगाच्या शेंगेएवढे असत. पुढें ते तांदळाच्या दाण्याएवढे झाले. आणि अलीकडच्या संचांत तर त्यांतील पुष्कळ तिळाएवढे होऊन, पट्टे ओढण्यापुरतीहि जागा त्यांच्या अंगावर उरलेली नाहीं. हे रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारे रोधक होत. नळाची तोटी जें काम पाण्याच्या बाबतींत करते, साधारणतः तेंच काम हे विजेच्या बाबतींत करतात. अडथळा मोजण्याच्या मापाला ओहम म्हणतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत हे रोधक विकणारीं दुकानें आहेत. एखाद्या हौशी विद्यार्थ्यानें वहींत गणित करून आपल्याला ५०,००० ओहमांचा रोधक हवा असें ठरविलें आणि तो मागितला, तर दुकानदार शांतपणें विचारतो, “सत्तेचाळीस चालेल का?” तीस मागितला तर तेहतीस पुढें येतो, विसाच्या जागीं बावीस, सत्तराच्या जागीं अडुसष्ट. कंडेन्सरांची, म्हणजे वीज साठविणाऱ्या भागांची तीच तऱ्हा. तेथेंहि पुन्हां बावीस, तेहतीस, सत्तेचाळीस. पंचवीस, पन्नास, पाऊणशें हे आंकडे माणसाच्या तोंडांत बसलेले. ते सोडून सत्तेचाळीस आणि अडुसष्ट यांच्याशीं सोयरीक जोडण्याची बुद्धि कारखानदारांना कां झाली असावी, असा प्रश्न त्या विद्यार्थ्याला पडला तर त्यांत नवल नाहीं. नवल हेंच कीं, वर्षानुवर्षें हे भाग हाताळणाऱ्या कारागिरांनाहि हा प्रश्न क्वचितच पडतो.

उत्तराची सुरुवात कारखान्यांत होते. ज्या रोधकावर ४७,००० असें दर्शविलेलें असतें तो बरोबर तितक्या ओहमांचा जवळजवळ कधींच नसतो. १९३० नंतरच्या काळांत संचांत जे रोधक सर्रास वापरले जात, ते कार्बनची पूड, वीज वाहून न नेणारी मातीसारखी भुकटी आणि राळ यांचें मिश्रण दाबून व भाजून तयार करीत. एकाच पिठाच्या भाकऱ्या एकाच तव्यावर एकाच हातानें भाजल्या तरी सर्व सारख्या फुगत नाहींत. तसेंच या रोधकांचें होई. पन्नास हजारांच्या इराद्यानें घातलेला घाणा भट्टींतून बाहेर आला म्हणजे त्यांत चाळीस हजारांचेहि निघत आणि साठ हजारांचेहि. कारखानदार मग ते एकेक मोजून वेगवेगळ्या डब्यांत टाकी. म्हणून प्रत्येक रोधकावर दोन गोष्टी सांगाव्या लागतात: त्याचें नांवाचें मूल्य किती, आणि खरें मूल्य त्याच्या अलीकडे-पलीकडे किती असूं शकेल. या दुसऱ्या गोष्टीला इंग्रजींतून आलेला टॉलरन्स हा शब्द रूढ आहे. मराठींत तिला मुभा म्हटल्यास अर्थ चांगला उतरतो. रंगीत पट्ट्यांच्या लिपींत शेवटचा पट्टा सोनेरी असला तर मुभा शेंकडा पांच, रुपेरी असला तर शेंकडा दहा, आणि तसा पट्टाच नसला तर शेंकडा वीस.

आतां शेंकडा वीस मुभेचा सत्तेचाळीसांचा रोधक घ्यावा. त्याचें खरें मूल्य ३७.६ पासून ५६.४ पर्यंत कोठेंहि असूं शकतें. म्हणजे त्या विद्यार्थ्याला जो बरोबर पन्नासाचा रोधक हवा होता, तो सत्तेचाळीसांच्याच डब्यांत पडून असण्याचा पुष्कळ संभव आहे. दुकानदारानें त्याला फसविलेलें नाहीं. आणि तीन हजारांच्या फरकानें संच बिघडणारहि नाहीं, कारण ज्यानें त्या संचाची आंखणी केली त्यानें वीस टक्क्यांची चूक गृहीत धरूनच ती केलेली असते.

परंतु यावरून आंकड्यांची निवड कोणतीहि चालली असती असें मात्र म्हणतां येत नाहीं. समजा, कारखानदारानें शाळेंतल्या पाढ्याप्रमाणें १०, २०, ३०, ४० असे नांवाचे डबे मांडले. दहाच्या डब्यांत ८ पासून १२ पर्यंतचे रोधक जातील. विसाच्या डब्यांत १६ पासून २४ पर्यंतचे. मग भट्टींतून जो १४ चा निघाला तो कोणत्या डब्यांत टाकावयाचा? त्याला घरच नाहीं. तो फेंकून द्यावा लागेल. उलट दुसऱ्या टोंकाला पाहावें. ऐंशींच्या डब्याची मर्यादा ६४ ते ९६, नव्वदांच्या डब्याची ७२ ते १०८. या दोन डब्यांतला माल बहुतांशीं एकच. दोन वेगळीं नांवें ठेवून केवळ कपाटाची जागा अडविली. खालच्या टोंकाला उपास आणि वरच्या टोंकाला अजीर्ण, अशी या समान अंतराच्या मांडणीची गत होते.

याचें कारण असें कीं, मुभा ही टक्क्यांत असते, ओहमांत नसते. दहावर दोनांची चूक आणि हजारावर दोनशेंची चूक या कारखान्याच्या दृष्टीनें एकाच तोलाच्या. म्हणून डब्यांचीं नांवें बेरजेनें न वाढवितां गुणाकारानें वाढविलीं पाहिजेत. गणितश्रेढी सोडून भूमितिश्रेढीचा आश्रय केला पाहिजे. हें तत्त्व आपल्याकडील जुन्या स्वयंपाकघराला नवें नव्हतें. दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर. हीं मापें समान अंतरानें वाढत नाहींत, दुपटीनें वाढतात. कारण चिमूटभर धान्याचा फरक कोळव्याला जाणवतो, शेराला जाणवत नाहीं. ज्या गृहिणीनें हीं मापें वापरलीं तिनें भूमितिश्रेढी हें नांवहि ऐकलें नसेल, पण तिचा उपयोग ती रोज करीत होती.

संगीताच्या जाणकारांना दुसरें उदाहरण अधिक जवळचें वाटेल. पेटीच्या एका सप्तकांत बारा पट्ट्या असतात, आणि षड्जापासून तारषड्जापर्यंत स्वराची कंपनसंख्या दुप्पट होते. ही दुप्पट बारा सारख्या पायऱ्यांनीं गांठावयाची तर प्रत्येक पायरीला कंपनसंख्या सुमारें १.०५९ पटीनें वाढवावी लागते. ही पट बारा वेळां घेतली कीं दोन होतात. अशा सारख्या पायऱ्यांत गवयाचे खरे श्रुतिशुद्ध स्वर बरोबर बसत नाहींत, ही तक्रार जुनी आहे. खुद्द नभोवाणीनें १९४० सालीं पेटी वर्ज्य ठरविली आणि ती बंदी १९७१ सालीं सैल होईपर्यंत तीस वर्षें चालविली, हें वाचकांपैकीं वडील मंडळींना आठवत असेल. रोधकांच्या बाबतींत मात्र श्रुतींचें भांडण नाहीं. तेथें सारख्या पायऱ्या हाच शुद्ध सूर. फक्त सप्तक दुपटीचें नसून दहापटीचें आहे. दहा ते शंभर हें एक सप्तक, शंभर ते हजार हें दुसरें, आणि प्रत्येकांत तेच स्वर पुन्हां येतात. त्यामुळें एकदां दहा ते शंभर यांमधील आंकडे ठरविले कीं पुढें शून्यें वाढवीत जाणें एवढेंच काम राहतें.

मग दहा ते शंभर यांत पायऱ्या किती असाव्या? येथें मुभेचा हिशेब उपयोगी पडतो, आणि सर्व गोष्टीचें मर्म तेथेंच आहे. मुभा शेंकडा वीस असतां प्रत्येक डबा आपल्या नांवाच्या ०.८ पटीपासून १.२ पटीपर्यंतचा माल घेतो. म्हणजे डब्याचें वरचें टोंक खालच्या टोंकाच्या दीडपट. दीडपटीचीं अशीं किती पावलें टाकलीं असतां दहापट अंतर तुटेल? पांच पावलांत साडेसातपटीहून किंचित् अधिक होतें, सहा पावलांत अकरापटीहून अधिक. पांच अपुरीं, सहा पुरेशीं. म्हणून सहा डबे. मुभा शेंकडा दहा केली तर डब्याची रुंदी १.१ भागिले ०.९, म्हणजे १.२२ पट, हिशेब केला तर अकरा पावलें थोडीं कमी पडतात आणि बारा पुरतात. शेंकडा पांच मुभेला तेवीस पावलें अगदीं केसाच्या अंतरानें कमी पडतात, आणि चोवीस पुरतात. सहा, बारा, चोवीस! प्रत्येक आंकडा आधींच्याच्या दुप्पट. निसर्गानें किंवा गणितानें कारखानदारांवर अशी कृपा क्वचितच केली असेल. कारण दुपटीचा अर्थ असा कीं, सहांच्या मालिकेंतील प्रत्येक मूल्य बारांच्या मालिकेंत जसेंच्या तसें येतें आणि मधल्या जागीं फक्त एकेक नवें मूल्य घालावें लागतें. बारांची मालिका तशीच चोविसांत मावते. जुने डबे मोडावे लागत नाहींत.

सहा पायऱ्यांची पट १.४६८ येते. दहापासून आरंभ करून या पटीनें गुणीत गेलें असतां १४.७, २१.५, ३१.६, ४६.४, ६८.१ आणि शेवटीं १०० हीं मूल्यें मिळतात. दोन अंकी पूर्ण संख्येंत बसवून व्यवहारांत तीं १०, १५, २२, ३३, ४७, ६८ अशीं ठरलीं. दोनच अंक कां, याचें कारण रंगीत लिपींत आहे: पहिले दोन पट्टे दोन अंकांचे आणि तिसरा पुढील शून्यांचा. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, नारिंगी म्हणजे तीन शून्यें; झाले सत्तेचाळीस हजार. तिसऱ्या अंकाला तेथें जागाच नाहीं.

चौकस वाचकाच्या ध्यानांत एक गोष्ट येथें आलीच असेल. ३१.६ चे जवळचे पूर्ण बत्तीस होतात, तेहतीस नव्हेत, आणि ४६.४ चे शेहेचाळीस होतात, सत्तेचाळीस नव्हेत. चोविसांच्या यादींत असे आठ आंकडे आहेत, जे गणितानें सांगितलेल्या जागेपासून थोडे सरकलेले आहेत: २७, ३०, ३३, ३६, ३९, ४३, ४७ आणि ८२. पहिले सात एकानें वर गेले आहेत. ८२ मात्र एकानें खालीं आला आहे, कारण गणित ८२.५ हून किंचित् अधिक सांगतें. ज्यांना गणिताचा निर्णय म्हणजे देवाची आज्ञा वाटते त्यांना हा शिथिलपणा खटकेल. परंतु डब्यांच्या मर्यादा ताडून पाहिल्या म्हणजे त्यांत बिघाड झालेला दिसत नाहीं. शेंकडा वीस मुभेच्या बावीसाची वरची मर्यादा २६.४, आणि तेहतीसाची खालची मर्यादाहि २६.४, दोन भिंती एकमेकींस बरोबर टेंकतात. दहाचा डबा बारावर संपतो आणि पंधराचा बारावरच सुरू होतो. सहांच्या मालिकेंत एकहि फट राहिलेली नाहीं. बारांच्या मालिकेंत मात्र पूर्णांकांत बसविण्याची किंमत द्यावी लागली आहे: बाराचा डबा १३.२ वर संपतो आणि पंधराचा १३.५ वर सुरू होतो, तेवढी बारीकशी चीर तेथें आहे. चोविसांच्या मालिकेंत तर १३ नंतर एकदम १५ येतो, आणि १४ च्या आसपास याहून मोठी फट दिसते. व्यवहारानें ती चालवून घेतली.

गुणाकारानें मापें ठरविण्याची कल्पना कारखानदारींत प्रथम पद्धतशीरपणें आणण्याचें श्रेय मात्र रेडिओवाल्यांचें नव्हे. तें एका फ्रेंच सैनिकाचें. शार्ल रेनार हे फ्रान्सच्या लष्करांतील अभियंता अधिकारी. १८७०–७१ च्या युद्धांत पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडला असतां शहराबाहेर टपाल नेण्याचें काम बलूनांनीं केलें होतें, आणि तेव्हांपासून फ्रेंच लष्करानें बलूनांचा विषय गांभीर्यानें हातीं घेतला. पॅरिसजवळ शालॅ-म्युदाँ येथील लष्करी बलूनशाळेंत रेनार यांनीं काम केलें. याच रेनार यांनीं क्रेब्स यांच्या साह्यानें बांधलेलें ‘ला फ्रान्स’ हें विमाननौकेसारखें बलून ९ ऑगस्ट १८८४ रोजीं सुमारें आठ किलोमीटरांची फेरी करून, जेथून उडालें तेथेंच स्वतःच्या बळानें परत आलें. तोंपर्यंत बलून वारा नेईल तिकडे जात असे. एवढ्या पराक्रमापुढें दोरांच्या जाडीचा हिशेब ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण आज जगभर रेनार यांचें नांव निघतें तें बहुधा त्या दोरांमुळेंच.

जमिनीशीं बांधून ठेवण्याच्या बलूनांना जे दोर लागत, त्यांच्या जाडीचे त्या वेळीं ४२५ प्रकार लष्कराच्या कोठारांत जमा झाले होते. ज्यानें ज्या वेळीं मागितला त्या वेळीं त्याच्या मापाचा दोर वळून घेतला, असें वर्षानुवर्षें चाललें कीं हेंच होतें. मागणी आली कीं नेमका तोच दोर सांपडूं नये, आणि शेजारीं त्याच्यासारखे दहा निरुपयोगी पडून राहावेत! रेनार यांनीं दोराच्या दर मीटर वजनाला अशा पटीनें वाढविलें कीं पांच पावलांत तें दहापट व्हावें. आणि ४२५ प्रकारांचें काम १७ प्रकारांत भागवून दाखविलें. त्यांची मालिका पूर्णांकांच्या आसपास आणून १०, १६, २५, ४०, ६३, १०० अशी लिहितात. हिच्या मध्यें पायऱ्या वाढवून दहांची, विसांची व चाळिसांची मालिका होते, आणि यंत्रांच्या भागांपासून अनेक वस्तूंच्या मापांसाठीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें या मालिकांना मान्यता दिली आहे.

या मालिकेचा संबंध आपल्या खिशाशींहि येऊन पोंचला आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्यें रिझर्व्ह बँकेनें २०० रुपयांची नोट काढली, तेव्हां प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत रेनार आणि त्यांची मालिका यांचा स्पष्ट उल्लेख होता. १०, २०, ५०, १०० आणि मग एकदम ५००; या शिडींत शंभरानंतरची एक पायरी गळालेली होती, ती भरून काढावयाची होती. सुट्या पैशांसाठीं वाण्याशीं हुज्जत घालणाऱ्या माणसाला आणि रोधकांचे डबे मांडणाऱ्या कारखानदाराला एकच प्रश्न पडलेला असतो: कमींत कमी प्रकार ठेवून जास्तींत जास्त गरजा कशा भागवाव्या?

येथें कोणीहि विचारील कीं, रेनार यांची मालिका तयार असतां रेडिओवाल्यांनीं सहा व बारा यांची वेगळी चूल कां मांडली? मुभेच्या हिशेबानें याचें उत्तर मिळतें. रेनार यांच्या पांच पावलांची पट सुमारें १.५८, शेंकडा वीस मुभेचा डबा फक्त दीडपट रुंद, म्हणून मध्यें फटी राहतात. दहा पावलांची पट १.२६, शेंकडा दहा मुभेचा डबा १.२२ पट रुंद, पुन्हां फटी. दोरांना वळणारा कारागीर जाडी हवी तशी राखूं शकतो. कार्बन भाजणाऱ्याला तें साधत नव्हतें. अमेरिकेंतील रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या कारखानदारांच्या संघानें १९३६ सालीं रोधकांसाठीं निवडक मूल्यांची पद्धति स्वीकारली. लगेच सर्वांनीं जुने आंकडे टाकले असें नव्हे. २५, ५०, १००, २५० या ओळखीच्या मूल्यांचे रोधक पुढेंहि वर्षानुवर्षें निघत राहिले. दुसऱ्या महायुद्धानें मात्र हें ढिलेपण परवडण्यासारखें ठेवलें नाहीं. बिनतारी संच, रडार, विमानांचीं दिशादर्शक यंत्रें यांची अमेरिकेंत व ब्रिटनमध्यें अफाट संख्येनें निर्मिति होऊं लागली. एका कारखान्यांत बनलेला संच हजारों मैलांवर बिघडला आणि तेथें दुसऱ्याच कारखान्याचा सुटा भाग हातीं आला, तर तो त्या जागीं बिनतक्रार बसला पाहिजे. नाहीं तर विमान जमिनीवरच राहावयाचें. अशा वेळीं पन्नास कीं सत्तेचाळीस हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाहीं.

युद्ध संपल्यावर १९४८ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाच्या रेडिओविषयक समितीची बैठक स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें भरली. ज्या गोष्टींचें आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रथम ठरवावें त्यांत रोधकांचीं व ०.१ मायक्रोफॅरडपर्यंतच्या कंडेन्सरांचीं मूल्यें येतात, याविषयीं एकमत झालें. परंतु मालिका कोणती, येथें अडचण आली. अनेक देशांत रेनार यांची दहांची मालिका आधींच प्रमाण मानलेली होती. सर्व उद्योगांना एकच मालिका असावी ही इच्छाहि स्वाभाविक होती. तथापि कांहीं देशांत बारांची मालिका व्यापारांत इतकी रुजली होती कीं ती उपटून काढणें अशक्य ठरलें. समितीनें आपली आवड बाजूला ठेवून रुजलेली गोष्ट मान्य केली, आणि १९५२ सालीं तें प्रमाण प्रसिद्ध झालें. गुणदोषांचा निवाडा करावयाचा तर समितीचा निर्णय शहाणपणाचा होता असेंच म्हणावें लागेल. लाखों संचांत बसलेले भाग आणि हजारों दुकानांतले डबे हेहि एक प्रमाणच असतें, आणि तें कागदावरील प्रमाणापेक्षां मोडण्यास कठीण.

मुभा याहून कमी करण्याचें तंत्र पुढें सांपडलें. भाजलेल्या कार्बनाऐवजीं चिनी मातीच्या कांडीवर धातूचा अतिशय पातळ थर चढवून, त्यांत मळसूत्रासारखी खांच पाडीत पाडीत हवें तें मूल्य आणतां येऊं लागलें, आणि शेंकडा एक मुभेचे रोधक स्वस्त झाले. त्यांच्यासाठीं त्याच दुपटीच्या रीतीनें ४८, ९६ व १९२ पायऱ्यांच्या मालिका आहेत. त्यांत मूल्यें तीन अंकी असतात, आणि तीं गणितानें येतात तशींच घेतलेलीं आहेत. अपवाद एकच: १९२ च्या मालिकेंत गणित ९१९ सांगतें, यादींत ९२० आहेत. मात्र या बारीक मालिकांच्या मागें जुनें कारण उरलेलें नाहीं. शेंकडा एक मुभेच्या डब्यांनीं दहा ते शंभर यांमधील सर्व जागा व्यापावयाची तर ११६ डबे लागतील. येथें तर ९६ च आहेत, आणि बहुतेक दोहोंच्या मध्यें फट आहे. भट्टींतून भलतेंच मूल्य निघण्याची भीति संपल्यामुळें त्या फटींत पडणारा अनाथ रोधकहि उरला नाहीं. आणखी एक मौजेची गोष्ट म्हणजे ९६ च्या मालिकेंत ४६४ आहे, ४७५ आहे, परंतु ४७० नाहीं; ज्या सत्तेचाळीसानें एवढें बस्तान बसविलें त्याला आपल्याच बारीक भावंडांच्या पंक्तींत पाट मिळालेला नाहीं. अर्थात् त्यानें बाजारांतलें त्याचें राज्य जात नाहीं. कारखानदार शेंकडा एक मुभेचा सत्तेचाळीसहि करून विकतात, कारण लोक तोच मागतात. व्होल्टांची पातळी स्थिर राखणाऱ्या झेनर डायोडांवरहि ४.७, ५.१, ५.६, ६.२, ६.८ हे चोविसांच्याच यादींतले आंकडे सांपडतात.

ज्या घरांत आजोबांच्या वेळचा नळ्यांचा संच अद्याप जपून ठेवलेला आहे, त्यांना या माहितीचा एक प्रत्यक्ष उपयोग होण्यासारखा आहे. त्या संचाच्या नकाशांत ५०,००० आणि ५ लक्ष ओहमांचे रोधक, ०.०२ व ०.०५ मायक्रोफॅरडांचे कंडेन्सर, आणि वीजपुरवठ्याच्या भागांत ८, १६ किंवा ३२ मायक्रोफॅरडांचे मोठे कंडेन्सर दाखविलेले असतात. हे आंकडे आतांच्या दुकानांत सहसा मिळत नाहींत, आणि ते मिळत नाहींत म्हणून संच माळ्यावर टाकण्याचें कारण नाहीं. पन्नासांच्या जागीं ४७, पांच लक्षांच्या जागीं ४,७०,०००, अडीच लक्षांच्या जागीं २,७०,०००, ०.०५ च्या जागीं ०.०४७ आणि ०.०२ च्या जागीं ०.०२२, आठांच्या जागीं १० व बत्तीसांच्या जागीं ३३ घातल्यास संच पूर्वीसारखा बोलूं लागतो. फरक कांहीं टक्क्यांचा पडला तरी मूळ भागाची स्वतःची मुभा बहुधा त्याहून मोठी होती. जपावयाचें तें दुसऱ्या आंकड्याला: नव्या कंडेन्सरावर लिहिलेले व्होल्ट जुन्यापेक्षां कमी असतां कामा नयेत, आणि रोधकाचा वॅटांचा आंकडाहि मूळचा किंवा त्याहून अधिक असावा. शिवाय असा संच बंद करून तार भिंतींतून काढली तरी त्या मोठ्या कंडेन्सरांत वीज कांहीं काळ साठून राहते. म्हणून तें काम जाणत्या कारागिराच्या हातून करवून घेणें बरें.